काला साफाचा जामीनदार

ग्वाल्हेरात इंदरगंजच्या चौकातून कचेऱ्यांकडे वळलं की डाव्या हाताला रबरी शिक्क्यांचं एक दुकान लागतं. दुकान कसलं, दोघं आत शिरले तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलावं, एवढंसं. तिथे महिपतराव जगदाळे बसतात. वय पंचावन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि तोंड महाफटकळ. वकील येवोत की तहसिलीतले बाबू, "अर्जंट आहे" म्हणालं की महिपतराव म्हणणार, "अर्जंट होतं तर काल यायचं होतं." पण त्याच माणसाला कुणी सहज विचारावं, "भाऊ, परवा लागलेली ती मारधाडीची फिल्म कशी आहे?" की हातातलं काम खाली. मग तो वकील राहू दे उभा तासभर.

हे वेड घरातलं नव्हे. जगदाळे शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आलेले, घोड्यावरचे शिपाईगडी. घोडे गेले, तलवार दसऱ्याला पुसण्यापुरती उरली, आणि नातवंडं मिळेल त्या नोकरीधंद्याला लागली. महिपतरावांना बिघडवलं ते दौलतगंजातल्या भाड्याच्या कॉमिक्सच्या दुकानाने. तिथे दोरीवर कॉमिक्स टांगलेल्या असत. उभ्याउभ्या वाचायच्या, परत टांगायच्या. आठवीत असताना त्याच दोरीवर त्यांना काला साफा भेटला.

काला साफा ठाऊक नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. दिल्लीच्या एका छोट्या प्रकाशनाने त्याचे चौऱ्याण्णव अंक काढले आणि मग ते प्रकाशनच बसलं. हा गडी दिवसा चंबळच्या खोऱ्यातल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. पट्ट्या बांधणारा, साहेबाच्या शिव्या खाणारा, बायकोला घाबरणारा. कुठे अन्याय झाला की डोक्याला काळा साफा, म्हणजे आपला फेटा हो, बांधून निघायचा. हाणामारी अशी की पान फाटेल की काय वाटावं. पण शेवटी काय करायचा? डोक्याचा साफा सोडून बदमाशाला खांबाला बांधायचा, त्याच्यापुढे उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "घाव दिखा." आणि त्याच बदमाशाच्या जखमेला पट्टी बांधायचा. चौऱ्याण्णव अंकांत त्याने एक माणूस मारला नाही. एकसुद्धा नाही. हसू येतंय? येऊ दे. महिपतरावांना नाही येत.

कारण महिपत एकोणीस वर्षांचा असताना फूलबागेच्या चौकात त्याच्या थोरल्या भावाला, पांडुरंगरावांना, ट्रकने चिरडलं. लोकांनी ड्रायव्हरला ओढून खाली पाडला. महिपत धावत पोचला तेव्हा कुणीतरी त्याच्या हातात दगड दिला. "मार! तुझा भाऊ होता!" ड्रायव्हरच्या डोक्यातून रक्ताची धार लागली होती, आणि तो हात जोडून भोजपुरीत काहीतरी बोलत होता. महिपतच्या तोंडून काय निघावं? "घाव दिखा." दगड टाकला, गळ्यातला मफलर काढला, त्या माणसाच्या डोक्याला बांधला आणि पोलीस येईपर्यंत त्याला पाठीशी घालून उभा राहिला. गर्दीने नामर्द म्हटलं. आईने महिनाभर बोलणं टाकलं. पण आपल्या हातून माणूस मेला नाही, हे त्या कंपाउंडरचे उपकार आहेत असं महिपतराव आजतागायत मानतात. ही गोष्ट त्यांनी बाहेर कधी कुणाला सांगितली नाही. एकटीला सांगितली, मुलीला. हर्षिता तेव्हा दहा वर्षांची होती आणि बापाच्या मांडीवर बसून एकतिसावा अंक वाचत होती.

तर अशा माणसाने मंडळ काढलं नसतं तरच नवल. 'काला साफा मंडल, ग्वालियर.' सुरुवातीला दोनच माणसं, महिपतराव आणि त्यांचा बालमित्र मधुसूदन, जो विम्याचं काम करतो. मग मोबाइल आले आणि झाशी, दतिया, मुरैना, इंदूर, कुठून कुठून माणसं मिळाली. साडेतीनशेच्या वर गेली. काला साफा तर बंद पडलेला, मग बोलायचं कशावर? तर जगातल्या एकूण एक मारधाडीच्या फिल्मवर. कॉमिक्सवरून फिल्म निघाली की मंडळ पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला हजर. आणि खेळ सुटला की फूलबागेच्या हिरवळीवर बैठक.

या बैठकीचा एक रिवाज होता, आणि तो जगदाळ्यांच्या घरातून आला होता. महिपतरावांचे पणजोबा पलटणीत सुभेदार. ते म्हणत, मसलतीला बसलं की सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं आणि सगळ्यात थोरल्याने शेवटी. थोरला आधी बोलला की बाकीच्यांची मतं त्याच्या मताला सलाम ठोकून उभी राहतात. घरात लग्न ठरवायचं असो की भिंत पाडायची, आधी पोराटोरांना विचारायचं. महिपतरावांनी तोच कायदा मंडळाला लावला. शिवाय दोन पोटनियम. फिल्म पूर्ण बघितल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. आणि कितीही भंगार असली तरी शेवटच्या पाटीपर्यंत कुणी उठायचं नाही. वीस वर्षं हे चाललं. भाऊ शेवटी बोलत, चार वाक्यं बोलत, आणि ती चार वाक्यं झाशीपासून इंदूरपर्यंत फिरत. "भाऊ हो म्हणाले? मग तिकीट काढा." इतका त्या शब्दाला मान. माणसाला गावात दुसरं काय कमवायचं असतं हो?

आणि मग काला साफावर फिल्म निघाली.

बातमी हर्षितानेच दिली. ती आता सत्तावीसची, मुंबईत फिल्मच्या प्रसिद्धीचं काम करणाऱ्या एका कंपनीत. फोनवर ओरडतच होती, "बाबा, यकीन नाही होणार तुम्हाला! आपला काला साफा! आणि पब्लिसिटी आमच्याकडे!" महिपतरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. सुधाताई, त्यांची बायको, म्हणाल्या, "मुलीच्या लग्नाची बातमी असती तरी इतके फुलला नसता." खोटं नव्हतं ते.

नोव्हेंबरात हर्षिता दोन कॅमेरेवाले आणि एक साहेब घेऊन घरी आली. साहेबाने लॅपटॉप उघडला आणि फिल्मचा बारा मिनिटांचा तुकडा दाखवला. महिपतराव कुशीत उशी घेऊन बसले होते, लहान पोरासारखे. पडद्यावर खोरं, दवाखाना, कंपाउंडर. मग मारामारी, अशी की सुधाताई पण पदर तोंडावर धरून बघत राहिल्या. मग त्याने डोक्याचा साफा सोडला, बदमाशाला पुलाच्या कठड्याला बांधलं, पुढ्यात उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "घाव दिखा." पडदा काळा झाला. महिपतरावांचे डोळे घळाघळा वाहत होते.

साहेब म्हणाला, "सर, बस यही फीलिंग कैमरे पे बोल दीजिए."

महिपतराव भानावर आले. "पूर्ण बघितल्याशिवाय मी बोलत नाही. मंडळाचा नियम आहे."

"अहो बाबा, पूर्ण कोणालाच दाखवत नाहीत," हर्षिता म्हणाली. "बाकीची पण अशीच आहे. सच्ची."

"हर्षू, एकच सांग. हा मारत तर नाही ना कुणाला?"

"नाही हो बाबा."

"बघ हं."

"माझ्यावर भरोसा नाही का तुमचा?"

आता मुलीने असं विचारल्यावर कुठला बाप नाही म्हणेल? महिपतरावांनी इस्त्रीचा कुडता घातला, महाराज बाड्यावर गेले, आणि त्या जुन्या इमारतींपुढे उभं राहून कॅमेऱ्याला म्हणाले, "यही है. यही है अपना काला साफा. एक टाँका भी इधर का उधर नहीं. जामिन मैं हूँ." तो 'जामिन' शब्द त्यांना कुणी सांगितला नव्हता. स्वतःच्या खुशीने बोलले.

तो व्हिडिओ किती लाख लोकांनी बघितला देव जाणे. दुकानात वकील फोटो काढायला येऊ लागले. मंडळात तर दिवाळीच. आजवर भाऊ शेवटी बोलायचे, या खेपेला सगळ्यांच्या आधी बोलले, म्हणजे बात काय असेल! झाशीच्या लोकांनी गाडी ठरवली. मधुसूदनने आपल्या दोन्ही सुनांना आणि व्याह्यांना तिकिटं काढून दिली. एकट्या मधुसूदनने मात्र एकदा दुकानात येऊन विचारलं, "महिपत, पूर्ण बघितलीस ना?" महिपतराव म्हणाले, "माझ्या हर्षूने बघितलीय." मधुसूदन म्हणाला, "मग झालं तर."

जानेवारीतला शुक्रवार. सकाळी नऊचा खेळ. थंडी अशी की बोटं मिटेनात, तरी थिएटरपुढे मंडळाची शंभर-सव्वाशे माणसं, अर्ध्यांच्या डोक्याला काळे फेटे. सोनिका, शाळेत शिकवते ती, पाचवीच्या मुलांनी केलेला फलक घेऊन आली होती. हर्षिता आदल्या दिवशीच मुंबईहून आली होती, बापाच्या शेजारची खुर्ची तिची. ती सकाळपासून फोनवरच होती. महिपतरावांना वाटलं, कामाची पोर, बिचारी.

मध्यंतराच्या आधी तो पूल आला. महिपतरावांना प्रत्येक चित्र पाठ. साफा सुटला, गाठ बसली, उकिडवा बसला. "घाव दिखा." सव्वाशे माणसांनी ते शब्द पडद्याबरोबर म्हटले. लॅपटॉपवर इथे काळं झालं होतं. इथे झालं नाही. बदमाशाने खांद्याची जखम पुढे केली, आणि काला साफाने त्या जखमेत अंगठा घातला आणि फिरवला. मग हसला. म्हणाला, "मैं पट्टी नहीं, अर्थी बाँधता हूँ." आणि लाथ मारून त्याला पुलाखाली सोडला. साफा ताणला गेला, मानेचा आवाज आला. थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. पुढच्या रांगेतली बाहेरची पोरं खुर्च्यांवर उभी राहून नाचायला लागली.

मंडळाच्या रांगांतून मात्र आवाज नाही. महिपतरावांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत नव्हती. फोन उंच धरून त्या नाचणाऱ्या पोरांचं शूटिंग करत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नावाला नव्हतं. पडद्यावरचं तर लागलंच, पण त्या चेहऱ्याने केसाने गळा कापला.

मध्यंतरात त्यांनी तिला जिन्याजवळ गाठली. "तुला माहीत होतं?"

"बाबा, धीरे बोला. लोक आहेत."

"माहीत होतं का?"

"त्या सीनचे दोन एंडिंग शूट केले होते," ती खाली बघत म्हणाली. "तुमचावाला पण केला होता. लोकांना दाखवून बघितलं तर पब्लिकला हा जास्त आवडला. ऑगस्टमध्येच फायनल झालं."

ऑगस्ट. आणि कॅमेरेवाले आले होते नोव्हेंबरात. महिपतरावांनी बोटं मोजली नाहीत, पण मोजल्यासारखा अंगठा बोटांवरून फिरला. "मी विचारलं होतं तुला. तोंडावर विचारलं होतं."

"मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही बोलला असता का?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज बदलला, लहानपणचा झाला. "बाबा, प्लीज कोणाला सांगू नका मी माहिती असून तुम्हाला अर्धाच दाखवला म्हणून. मी सही केलीये, आतलं काही बाहेर सांगणार नाही म्हणून. व्हिडिओ नकली आहे अशी बोंब झाली तर नोकरी जाईल माझी. त्या लाइनमध्ये परत कोणी उभं नाही करणार मला."

महिपतराव परत आत जाऊन बसले, कारण शेवटच्या पाटीपर्यंत उठायचं नाही. दुसऱ्या अर्ध्यात काला साफाने आणखी अकरा माणसं मारली.

फूलबागेत ऊन चांगलं पडलं होतं. झाशीवाले आणि बाहेरगावचे तसेच परत गेले, भाऊंना न भेटता. हिरवळीवर वीसेक जण गोल बसले. कुणीतरी गजकचा, तीळगुळाच्या वड्यांचा, डबा आणला होता, तो मधोमध ठेवला होता, कुणी हात लावला नाही. सगळ्यात धाकटा उत्कर्ष, इंजिनिअरिंगला आहे. रिवाजाप्रमाणे तो आधी.

"मी काय बोलू?" उत्कर्षचे कान लाल झाले होते. "हॉस्टेलचे सतरा दोस्त आणले मी. वर्षभर त्यांना सांगत होतो की बाकीचे हिरो मारतात, आपला पट्टी बांधतो. साले आता माझ्यावर हसतायत. फिल्म गेली भाड में. मला फिल्मचं दुःख नाही, फिल्मवाले तर असेच असतात. पण भाऊ, तुम्ही जामीन राहिला होता."

त्याच्यानंतर हर्षिता. तिला बसायची सवय होती त्या गोलात, दहाव्या वर्षापासून बसत होती. महिपतरावांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना तिच्याकडून सगळं नको होतं. 'बाबांना पूर्ण दाखवली नव्हती,' एवढंच म्हणाली असती, कुणी दाखवली नव्हती ते नसतं सांगितलं, तरी चाललं असतं. चार शब्द. कंपनीचं नाव नको, स्वतःचं नको. बाप आस लावून बसला होता, बैठकीत आजवर कधी कुणाच्या मताची इतकी वाट पाहिली नव्हती त्यांनी.

हर्षिताने केस कानामागे सारले. "ॲक्शन मला तर मस्त वाटली. मतलब, जमाना बदललाय ना. आजच्या पब्लिकला पट्टी बांधणारा हिरो नाही चालत. आणि बाबांनी तर आधीच सांगून टाकलं होतं की त्यांना आवडली. तर मला वाटतं आपण थोडं खुल्या मनाने बघायला हवं."

महिपतरावांनी गवताची एक काडी उपटली, मग दुसरी.

मग सोनिका बोलली. ती शिक्षिका, तोलून बोलणारी. पाचवीच्या मुलांना सोमवारी काय सांगू, एवढंच म्हणाली. मग मुरैनाचा एक पोस्टमन बोलला, मग औषधवाला. फिल्मवर सगळे एक एक वाक्य बोलत आणि भाऊंवर थांबत. वीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं की बैठक फिल्मवर नव्हती, महिपतराव जगदाळ्यांवर होती. आणि शेवटून दुसरा मधुसूदन. त्याने डोक्याचा काळा फेटा काढून मांडीवर घेतला होता.

"महिपत, व्याह्यांपुढे मान खाली गेली ते जाऊ दे," तो म्हणाला. "त्यांना काय, ते हसले आणि घरी गेले. मला एवढंच सांग, काय मिळालं? पैसे दिले त्यांनी?"

"एक पैसा नाही."

"मग तर आणखीच वाईट," मधुसूदन म्हणाला. "विकला असतास तर समजलो असतो, पोरीचं लग्न काढायचंय तुला. आपल्याकडे म्हणतात ना, विश्वास गेला पानिपतात. मला वाटायचं आपला इथे हिरवळीवर शिल्लक आहे."

आता भाऊंची पाळी. ते बोलायला लागणार एवढ्यात उत्कर्षने हात वर केला. रिवाजात बसत नव्हतं, पण कुणी अडवलं नाही. "भाऊ, एकच विचारतो. हो की नाही सांगा. हा पुलाचा सीन तुम्हाला पूर्ण दाखवला होता का? नाही म्हणा, बस. नाही म्हटलंत तर मी आत्ता त्या कंपनीच्या नावाने बोंब मारतो आणि तुमचे पाय धरतो."

पोराने दार सताड उघडून दिलं होतं. खरं बोलायचं आणि बाहेर पडायचं. महिपतरावांनी हर्षिताकडे पाहिलं. तिने फोन उपडा करून गवतावर ठेवला होता आणि त्यावर दोन्ही हात ठेवले होते. वर बघितलं नाही. एकदाही नाही. आणि महिपतराव, ज्यांनी एका ट्रकड्रायव्हरला पाठीशी घातलं होतं, ते पोटच्या पोरीला उघडं कसं पाडणार? राग होता, भयंकर राग होता, पण पोर होती.

"दाखवला होता," ते म्हणाले.

"पूर्ण?"

"पूर्ण दाखवला होता. मला आवडला होता. आता आवडत नाही. चूक झाली."

उत्कर्षने हात खाली घेतला. मधुसूदन गुडघ्यावर हात टेकून उठला, पँटचं गवत झटकलं आणि कुणाकडे न बघता फाटकाकडे चालू लागला. चाळीस वर्षांची मैत्री, पण "येतो" म्हणाला नाही. मग एकेक करत सगळे उठले. सोनिकाने मुलांचा फलक गुंडाळून काखेत घेतला. ती तेवढी जाताना वाकून नमस्कार करून गेली, आणि महिपतरावांना त्या नमस्काराचीच जास्त लाज वाटली. घरी पोचेपर्यंत मंडळाच्या ग्रुपवरून त्यांचं नाव निघालं होतं. ज्याने मंडळ काढलं त्याला मंडळाने काढला.

हर्षिताची गाडी संध्याकाळची. महिपतराव तिला सोडायला स्टेशनावर गेले. नोव्हेंबरात सुधाताई घरातच होत्या, त्या समजून चुकल्या; म्हणाल्या होत्या, पोरीवर चिडू नका हो, नवीन नोकरी आहे. ते चिडले नाहीत. वाटभर मनाची समजूत घालत होते. पोर कात्रीत सापडली होती. वरून साहेबाचा दट्ट्या, हातात सही केलेला कागद. करणार काय? चुकली. चूक कुणाची होत नाही? आतून तिला खातच असेल, मुंबईला पोचली की रात्री रडेल. त्यांनी तिच्यासाठी खिडकीतून पाण्याची बाटली दिली, वर बेडईच्या पुऱ्यांचा डबा दिला.

"बाबा," ती खिडकीतून म्हणाली. डोळे भरलेले होते, खोटं कशाला सांगा. "सच्ची, आज तुम्ही वाचवलंत मला."

"असू दे."

"तुम्हाला मंडळातून काढलं ना? वाईट वाटलं मला. पण टेन्शन घेऊ नका, सोशलवर तर तुमचे इतके फॅन झालेत. सर एकदम खूश आहेत तुमच्यावर." तिने डोळे पुसले आणि हसली. "दुसऱ्या भागाला पण तुमचाच चेहरा हवाय त्यांना. मी हो सांगून टाकलं."

"कधी?"

"काय कधी?"

"कधी सांगितलंस हो म्हणून?"

"आज सकाळी. खेळाच्या आधी फोन आला होता ना, तेव्हाच." आणि गाडी हलली. ती हात हलवत राहिली, ते पण हलवत राहिले, लोक बघतात म्हणून.

खेळाच्या आधी. म्हणजे पुलाच्या आधी, जिन्याच्या आधी, हिरवळीच्या आधी. गवतावर बसून, जीव तोडून, भर गोलात जे त्यांनी ठरवलं, ते तिने सकाळी थिएटरच्या दारातच गृहीत धरलं होतं. बाप गप्प बसेल, मग खोटं बोलेल, मग परत कुडता घालून उभा राहील. तिला एका क्षणाचीही शंका नव्हती. तो मफलरचा किस्सा त्यांनी तिला मांडीवर घेऊन सांगितला होता, आणि बाप कुठल्या मातीचा आहे ते तिने तेव्हाच नीट ऐकून ठेवलं होतं.

ते घरी आले तेव्हा सुधाताई दारातच होत्या.

"मिळाली ना जागा नीट?"

"मिळाली."

"परत कधी येते म्हणाली?"

महिपतरावांनी चपला काढल्या, सरळ रांगेत ठेवल्या.

"दुसऱ्या भागाला," ते म्हणाले.